एकसष्ट लाल ठिपके

सोमवारी सकाळी मुनीने मोठ्या पडद्यावर नकाशा उघडला आणि म्हणाला, "इथे कोणीतरी मरतंय." मुनी म्हणजे आमचा प्रोग्रामर. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर बरं वाटत नाही का म्हणून आम्ही विचारतो, त्यामुळे मुनी. त्यातलं एक वाक्य त्याने साडेनऊलाच खर्च केलं म्हटल्यावर मी चहाचा कप खाली ठेवला आणि खुर्ची तिकडे वळवली. नकाशा आमच्या खेळातल्या तिसऱ्या आकाशाचा, म्हणजे तिसऱ्या टप्प्याचा होता. आमचा खेळ म्हणजे मोबाइलवरची विमानांची लढाई. त्यातली विमानं, ढग, डोंगर, समुद्र, स्फोट आणि स्फोटानंतरचा धूर हे सगळं मी काढते. खेळ बाहेर जाण्याआधी तो कच्चा असतानाच आम्ही ओळखीच्या चाळीस लोकांच्या फोनवर टाकून दिला होता. त्यांचं विमान जिथे पडतं तिथे या नकाशावर लाल ठिपका उमटतो. ठिपक्यांची गर्दी कुठे व्हायची हे आम्हाला आधीच माहीत असतं, कारण ती आम्हीच घडवून आणलेली असते: दरीच्या तोंडाशी, वादळाच्या कडेला, शत्रूच्या अवजड विमानाच्या पोटाखाली. ते ठिपके तिथे होतेच. पण मुनीचं बोट नकाशाच्या पार खालच्या डाव्या कोपऱ्यात होतं. तिथे नुसता समुद्र आहे आणि समुद्रात जागा रिकामी दिसू नये म्हणून मी काढलेलं एक बेट. शत्रू तिकडे फिरकत नाही. आणि त्या बेटावर एकावर एक ठिपके पडून चांगला ठसठशीत लाल डाग झाला होता. "एकसष्ट," मुनी म्हणाला.

आमचे साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, मला अहो-जाहो करतात आणि उभ्या उभ्या निर्णय घेतात. त्यांनी नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ते बेट कशासाठी आहे?" मी म्हटलं, "असंच. शोभेला." "मग पुसून टाका. बेट गेलं की ठिपके गेले. शुक्रवारी कुलूप आहे." कुलूप म्हणजे ज्या क्षणानंतर खेळातल्या एका रेघेलाही कोणी हात लावायचा नाही तो क्षण, या वेळी शुक्रवार, दुपारी एक. साहेब गेले. मुनी मात्र हलला नाही. त्याचं म्हणणं, चूक त्याच्या हिशेबात असेल तर ती बेटापुरती असणार नाही, आज इथे निघाली तर उद्या तिथे निघेल. हे त्याने तीन शब्दांत सांगितलं, मी ते सोडवून लिहितेय. मग त्याने हळू आवाजात पुढचं सांगितलं. एकसष्टच्या एकसष्ट मरणं एकाच फोनवरची. सतरा नंबर. कोणाला कुठला नंबर गेला हे आम्ही मुद्दाम लिहून ठेवत नाही, नाहीतर प्रत्येक जण आपल्या मेव्हण्याची बाजू घेतो. "माणूस नोकरीला नसावा," मुनी म्हणाला. "रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारनंतर. रविवारीसुद्धा." आणि मग म्हणाला, "एकही गोळी झाडलेली नाही."

मग त्याने त्या एकसष्ट उड्डाणांच्या वाटा पांढऱ्या रेघांनी उमटवल्या. इतरांच्या वाटा असतात तशा त्या नव्हत्या. लढणारा माणूस विमान कसंही वेडंवाकडं फिरवतो, त्याची रेघ गुंतवळासारखी होते. या रेघा लढाईतून सरळ बाहेर पडत होत्या. बेटाला डावीकडे ठेवून समांतर पुढे जात होत्या, मग एक काटकोन, थोडं अंतर, परत एक काटकोन, आणि तिथून सरळ, हळूहळू खाली. एकसष्ट वेळा तोच लांबट चौकोन. पहिल्या काही रेघा जरा थरथरत्या होत्या, नंतरच्या इतक्या नीट की एकीवर दुसरी बेमालूम बसली होती. हा चौकोन मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून ओळखते. विमान उतरण्याआधी आकाशात असा चौकोन काढतं. मला आपलं बोट दाखवून दाखवून तो कोणी शिकवला होता हेही मला आठवलं. "बघते," एवढंच म्हणून आपल्या जागेवर येऊन बसले.

बसले खरी, पण हात चालेना. मला माझं काम आवडतं. असं म्हणायची पद्धत नाही, जेवणाच्या सुट्टीत सगळे आपापल्या कामाला नावं ठेवत असतात आणि मीही त्यात सूर मिसळते, पण आतून मला ते फार आवडतं. फोनच्या पडद्यावर विमान केवढं दिसणार, तर करंगळीच्या नखाएवढं. त्यातही खालचे दोन्ही कोपरे खेळणाऱ्याच्या अंगठ्यांखाली जातात. माझ्या टेबलावर पडद्याच्या मापाचा एक कागद आहे, त्यावर मी माझे स्वतःचे दोन अंगठे गिरवून ठेवलेत, तेवढ्या जागेत काही महत्त्वाचं काढायचं नाही. नखाएवढ्या विमानाला नाक-डोळे नसतात. असते ती फक्त आकृती, सावलीसारखी काळी भरलेली, आणि ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून डोळे बारीक करून ओळखता आली पाहिजे. म्हणून मी विमानं विमानांवरून काढतच नाही. सगळ्यांना आवडलेलं माझं झटपट वळणारं विमान आमच्या घरातल्या इस्त्रीवरून निघालं. दोन शेपट्यांचं चिमट्यावरून. बॉम्ब टाकणारं ते अवजड विमान म्हणजे चोचीसकट किटली आहे, आणि ऑफिसात त्याला कोणी दुसऱ्या नावाने हाकही मारत नाही. आपली विमानं नारिंगी, शत्रूची निळसर, सावलीला एकच गडद रंग, आणि एका विमानाला मोजून चारशे त्रिकोण. संगणकाला सगळं त्रिकोणांतच कळतं, आणि त्रिकोण जास्त झाले की फोन तापतो. दोन वर्षांत अशी चौदा विमानं झाली. रंग लावून झाल्यावर प्रत्येक विमान मी पडद्यावर उलटं-सुलटं फिरवून बघते आणि मला लहान मुलीसारखा आनंद होतो. त्या दिवशीही मी किटली उलटी केली. तिचं पोट गुळगुळीत होतं.

आमचे आप्पा विमानतळावर होते. असं सांगितलं की लोकांना वाटतं वैमानिक, मग खुलासा करावा लागतो. विमान उतरून आत येतं तेव्हा त्याला कुठे उभं राहायचं ते कळत नाही. वैमानिकाला स्वतःच्या विमानाची चाकं दिसत नाहीत, पंखांची टोकं नीट दिसत नाहीत. म्हणून समोर एक माणूस उभा असतो, हातात दोन नारिंगी फळ्या घेऊन. ये, ये, डावीकडे घे, अजून, हळू, आणि मग डोक्यावर हातांची फुली: थांब. एकतीस वर्षं आप्पांनी एवढंच केलं. त्यांचा डबा विसरला की आई मला पाठवायची, आणि तो अधूनमधून विसरावा अशी माझी इच्छा असायची. मागच्या फाटकापाशी पहारेकरी डबा घ्यायचा आणि मी जाळीच्या कुंपणात बोटं अडकवून उभी राहायची. कुंपणापासून ते खूप लांब दिसायचे, काडीएवढे. पण त्यांच्या जाकिटाच्या पाठीवर चकाकणाऱ्या पट्ट्यांची मोठी फुली होती, तिच्यावरून मी त्यांना ओळखायची. मग ते धूड यायचं. कान बंद व्हायचे, जमीन पायाखाली गुणगुणायला लागायची, गरम रॉकेलसारखा वास नाकात भरायचा. आणि तो एवढासा माणूस दोन्ही हात वर करायचा आणि ते एवढं मोठं यंत्र त्याचं ऐकायचं. माझी समजूत अशी होती की आप्पा ताकदीने विमान अडवतात. वर्गात मी तसं सांगितलं, तर बाईंनी रजिस्टर तोंडासमोर धरलं. रात्री जेवताना आप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताकद कसली. त्याला थांबायचंच असतं. आपण फक्त कुठे ते सांगायचं."

ते निवृत्त झाले तरी हात निवृत्त झाले नाहीत. घरी पाहुणा गाडी घेऊन आला की आप्पा आधीच खाली. फ्रिज आणणाऱ्या हमालांना त्यांनी दारातून असं आत घेतलं की ती माणसं जाताना त्यांच्या पाया पडतात की काय असं वाटलं. आई म्हणायची, "बोहल्यावरसुद्धा मला हातानेच खुणावत होते, अजून पुढे, अजून पुढे." विमानात ते एकदाच बसले, निवृत्तीनंतर, माझ्या भावाकडे जाताना. परत आल्यावर मी कौतुकाने विचारलं, कसं वाटलं, तर तोंड वाकडं करून म्हणाले, "खिडकी बाजूला असते. समोरचा माणूस दिसत नाही." एवढंच. मला तेव्हा ते गमतीचं वाटलं आणि मी चार ठिकाणी सांगून हशा मिळवला. आता टेबलापाशी बसून ते वाक्य आठवलं तेव्हा मला थोडी लाज वाटली. तीन आठवड्यांपूर्वी मीच त्यांच्या फोनवर खेळ टाकून दिला होता, "बघा जरा, माझं काम आहे" म्हणून. त्यानंतर एकदाही विचारलं नव्हतं की बघितलंत का. बाकीच्या एकोणचाळीस लोकांना आम्ही आठवड्याला प्रश्नपत्रिका पाठवतो, घरातल्या माणसाला तेवढंही नाही.

संध्याकाळी घरी पोचले तर आप्पा खिडकीशी बसलेले, चष्मा कपाळावर, फोन नाकापासून वीतभर अंतरावर. माझी चाहूल त्यांना लागली नाही, किंवा लागूनही त्यांनी मान वळवली नाही. मी चप्पल न वाजवता मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर माझी किटली होती. चौदातून त्यांनी नेमकी किटली निवडली होती, सगळ्यात मंद आणि सगळ्यात स्थिर. मागून निळी विमानं गोळ्या झाडत होती, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. बेट डावीकडे घेतलं. काटकोन. काटकोन. मग अंगठा हळूहळू मागे, वेग कमी, आणि बेटावर मी शोभेला काढलेली राखाडी धावपट्टी, तिच्यावरची पिवळी रेघ, समोर मोठी मोठी होत आली. पट्टीच्या टोकाला एक माणूस दोन्ही हात वर करून उभा होता. तो मी काढला होता हे मी विसरूनच गेले होते. असेल दहा मिनिटांचं काम, नखाच्या कोरीएवढा माणूस आणि हातात दोन नारिंगी ठिपके. किटलीचं पोट पट्टीला लागलं, आणि माझा आठ चित्रांचा स्फोट, ज्याचा मला फार अभिमान आहे, अख्खा पडदाभर फुलला. आप्पांनी जिभेने च् केलं आणि फोन मांडीवर ठेवला. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "पाडलंत का परत? जन्मभर दुसऱ्यांची विमानं सांभाळली आणि आता घरबसल्या पोरीची पाडतायत."

"आप्पा, तुम्ही लढत का नाही?" मी विचारलं. ते दचकले नाहीत. "कोणाशी?" "ती निळी विमानं येतात ना मागे." "येतात आणि जातात. त्यांचं काय अडलंय? इथे हा माणूस हात वर करून उभा आहे. त्याला तसाच ठेवून कसं जायचं?" मी समोर बसले. ते थोडे ओशाळले होते, खोडी पकडली गेल्यासारखे. "मला विचारायचं तरी," मी म्हटलं. "तू कामात असतेस. आणि मला वाटलं, जमेल. ते चाकांचं बटण काही सापडत नाही बघ. सगळी दाबून पाहिली, ते लाल सोडून. लाल तोफेचं आहे." मला सांगणं भाग होतं. "चाकं नाहीत, आप्पा." "नाहीत म्हणजे? अडकतात?" "काढलीच नाहीत मी. खेळ हवेतच सुरू होतो आणि हवेतच संपतो." त्यांनी फोन पुन्हा हातात घेतला, किटलीला बोटाने उलटी केली, तिचं पोट बघितलं, मग इस्त्रीचं, मग चिमट्याचं. "एकालाही नाहीत?" "चौदांतल्या एकालाही नाहीत." ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग ही निघाली कुठून?"

मंगळवारी मी ऑफिसात गेले ती हा प्रश्न घेऊनच. दोन वर्षं, सहा माणसं, चौदा विमानं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही उतरत नसतील तर निघाली कशी. आम्ही पंखांच्या टोकाचा रंग कुठला यावर दोन दिवस भांडलो होतो. मी बेटाची फाइल उघडली. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे बेट पुसायचं म्हणजे एक चौकट ओढायची आणि एक बटण दाबायचं, चहा निवायच्या आत होणारं काम. मी चौकट ओढली. आत पट्टी होती, पिवळी रेघ होती आणि तो होता. बटणावर बोट ठेवलं आणि मला आप्पा दहा वाजता फोन उघडताना दिसले. डावीकडे बघतील आणि तिथे नुसता समुद्र असेल. ते विचारणारही नाहीत. तू कामात असतेस, असं स्वतःशीच म्हणतील आणि फोन मांडीवर ठेवतील. मी बोट काढलं. मला एखाद्या गोष्टीचा इतका स्पष्ट निश्चय आयुष्यात फार वेळा झालेला नाही. लग्न न करण्याचासुद्धा असा झाला नव्हता, ते आपलं राहून गेलं. हा माणूस शुक्रवारी एक वाजल्यानंतरही तिथे उभा असला पाहिजे, आणि आप्पांना त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे.

मी मुनीला सगळं सांगितलं. सतरा नंबर कोण, चौकोन कसला, गोळ्या का नाहीत. ऐकताना त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. चूक त्याच्या हिशेबात नव्हती, याचा त्याला झालेला आनंद मला दिसत होता. "जमिनीला लागलं की मेलं, एवढंच लिहिलंय मी," तो म्हणाला. "मेलं नाही असं लिहिता येईल. पट्टीवर असेल, वेग कमी असेल, चाकं बाहेर असतील, तर." मग त्याने विचारलं, "चाकं किती त्रिकोणांत बसवशील?" मी म्हटलं, "चोवीस." तो म्हणाला, "अठरा." आम्ही वीसवर आलो. ते वीस त्रिकोण मी किटलीच्या टोपणाच्या मुठीतून काढले. कोणाला मूठ गेल्याचं कळलंही नसतं. बुधवार अख्खा त्यात गेला. चाकं काढताना लक्षात आलं की मला चाकं येत नाहीत. म्हणजे गाडीचं चाक येतं, पण उतरणाऱ्या विमानाचं पाऊल जमिनीला लागताना कसं जरा दबतं आणि मग अंग टाकतं, ते लहानपणी इतकं बघूनही हातात नव्हतं. दुपारी घरी फोन केला. आप्पांनी पाऊण तास बोलून समजावलं. मधे आईने फोन घेऊन विचारलं की नक्की कोण नोकरीला आहे.

गुरुवारी साहेबांना कळलं. बेट अजून का आहे हे बघायला ते आले आणि त्यांना पडद्यावर किटली पाय काढून बसलेली दिसली. त्यांनी नेहमीप्रमाणे उभ्या उभ्या विचारलं, "उतरल्यावर खेळणाऱ्याला काय मिळतं? गुण? गोळ्या?" मी म्हटलं, "काही नाही." "मग कोण उतरेल?" "ज्याला थांबायचं असेल तो." हे मी ठरवून बोलले नव्हते. साहेब म्हणाले, "लोक लढायला येतात हो," पण आवाजात जोर नव्हता, आणि त्यांनी मुनीच्या हातातून फोन घेतला. पहिल्यांदा ते समुद्रात पडले. दुसऱ्यांदा पट्टीच्या पुढे निघून गेले. तिसऱ्यांदा ते खुर्चीवर बसले. त्यांना खुर्चीवर बसलेलं आम्ही सहसा पाहत नाही. अर्ध्या तासाने किटली उतरली, थांबली, इंजिनाचा आवाज बंद झाला आणि मुनीने कुठूनसा शोधून घातलेला लाटांचा आवाज ऐकू यायला लागला. साहेब तसेच बसून राहिले. दारावर कोणीतरी आलं, त्यांनी हाताने जा म्हणून खूण केली. मग म्हणाले, "राहू द्या. पण कोणाला सांगायचं नाही. ज्याला सापडेल त्याला सापडेल."

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं. दहाच्या आधी नवा खेळ आप्पांच्या फोनवर टाकला आणि त्यांच्यासमोर ठेवला. आई हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. लढाईतून बाहेर. बेट डावीकडे. काटकोन, काटकोन. मग त्यांना नवं बटण दिसलं, चाकाचं, उजव्या अंगठ्याच्या जरा वर, आणि त्यांनी ते असं दाबलं की जणू ते कायम तिथेच होतं. किटलीने पाय काढले. पट्टी जवळ आली, मोठी झाली, चाक लागलं, दबलं, अंग टाकलं. किटली पिवळ्या रेघेवरून धावत धावत त्या माणसासमोर जाऊन उभी राहिली आणि लाटांचा आवाज आला. आई म्हणाली, "झालं एकदाचं." मी आप्पांच्या तोंडाकडे बघत होते. ते हसले, पण अर्धंच. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "चाक तर फारच चांगलं." मी म्हटलं, "पण?" "पण काही नाही." "आप्पा, एक वाजता कुलूप लागेल. नंतर काही करता येणार नाही. आत्ताच सांगा." त्यांनी फोन माझ्याकडे वळवला आणि करंगळीच्या नखाने दाखवलं. "हा माणूस पाठमोरा आहे. हे बघ, फुली. फुली पाठीवर असते. पुढून दोन उभे पट्टे असतात." मी बघितलं. होती फुली. मी स्वतः काढलेली, पांढरी, ठसठशीत. "पहिल्या दिवसापासून बघतोय," ते म्हणाले. "म्हटलं, असेल काहीतरी. पण पाठ फिरवून कोणी विमानाला बोलावतं का? ज्याला बोलवायचं त्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. तेवढ्यावरच तर तो येतो."

मी फोन हातात धरून बसले होते आणि माझी बोटं कुंपणाच्या जाळीत होती. गरम तारेचा स्पर्श, रॉकेलचा वास, लांबवर काडीएवढी पाठ आणि तिच्यावरची फुली. डबा किती वेळा विसरला असेल, शंभर वेळा, दोनशे वेळा. आणि प्रत्येक वेळी मी मागच्या फाटकाशी. विमान नेहमी पलीकडून यायचं. वैमानिकांना आप्पांचा चेहरा दिसायचा, हजारो लोकांना दिसला असेल, नावगाव माहीत नसलेल्यांना. मला एकदाही नाही. आणि दोन वर्षांपूर्वी त्या दहा मिनिटांत मी जे बघितलं होतं तेच माझ्या हाताने काढलं, इमानदारीने. "मी तुम्हाला असंच बघितलंय," मी म्हटलं. त्यांनी वाकून माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग ते म्हणाले, "हो की. तू फाटकाशी असायचीस." मी म्हटलं, "उभे राहता का जरा?"

मला वाटलं नको म्हणतील. ते उठले आणि आत गेले, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, मनगटाची बटणं लावून बाहेर आले. आमच्या घराला एक लांब बोळ आहे, दारापासून मागच्या खोलीपर्यंत. त्याच्या टोकाला ते जाऊन उभे राहिले. हात रिकामे होते, ते त्यांनाच बरं वाटेना. इकडेतिकडे बघायला लागले. आईने स्वयंपाकघरातून दोन झारे आणून त्यांच्या हातात दिले. "घ्या. आणि धुवून परत द्या." एक झारा मोठा होता, एक लहान. आप्पा म्हणाले, "दोन्ही सारखे लागतात." आई म्हणाली, "मग विमान परत पाठवा." मी दाराशी वही घेऊन उभी राहिले. पुढचं सगळं वेळेत झालं, ते इथेच सांगून टाकते: चित्र घरीच झालं, बारा वीसला मी ते मुनीला पाठवलं, एकला पाच कमी असताना त्याने ते आत बसवलं, आणि कुलूप लागलं. आता तो माणूस पुढून दिसतो, दोन उभे पट्टे, नखाच्या कोरीएवढा चेहरा. ज्यांना बेट सापडतं त्यांना वाटतं कोणी तरी असाच काढलाय.

पण मला सांगायचंय ते बोळाचं. आप्पांनी पाय जोडून घेतले, पाठ ताठ केली, आणि माझ्याकडे बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, दोन झारे, मागे कपडे वाळत घातलेले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि त्यांचा चेहरा बदलला. घरात दिसतो तो चेहरा नव्हता तो. भुवया किंचित वर, तोंड मिटलेलं, आणि डोळे असे की त्यांत माझ्याशिवाय जगातलं दुसरं काही नव्हतं. हे माहीत असतं तर मी फुली कशाला काढली असती, असं मनात आलं. वहीत रेघ ओढायची होती, ती राहिली. "चल," ते म्हणाले, "उभी काय राहिलीस. जागेवरून काय दिसणार. ये पुढे." मी निघाले. झारे मागे जात होते, परत पुढे येत होते, ये, ये. मधे चपलांचा ढीग होता. त्यांचा उजवा हात स्थिर राहिला, डावा हलला, मी डावीकडे सरकले, ढीग चुकला. अजून. हळू. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई वही छातीशी धरून आमच्या बोळातून चालले होते आणि मला कुठे ठेवायचं हे त्यांना नेमकं माहीत होतं. अगदी जवळ आल्यावर त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि झाऱ्यांची फुली केली. मी थांबले.